भुकेचे माप

आमच्या लहानपणी भातलावणीच्या दिवसांत घरी मजूर येत. दुपारी चिखलाचे पाय विहिरीवर धुऊन ती माणसे पडवीत ओळीने बसत आणि आजी वाढू लागे. भाताचा ढीग, त्यावर सुक्या मासळीचे कालवण आणि कालवण संपण्याआधी पुन्हा भात. आजोबांचे एक स्नेही त्या सुमारास अधूनमधून येत. ओटीवर वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांचे लक्ष पडवीकडे जाई आणि ते म्हणत, "ह्या लोकांचा आहार फार!" बोलण्यात राग नसे, तुच्छताही फारशी नसे, परंतु अधिक भूक लागणे हा जणू एक स्वभावदोष आहे आणि संस्कार झाले म्हणजे तो आपोआप जातो, असा काहीसा सूर त्यात असे. आजी उत्तर देत नसे. एकदाच ती म्हणाली, "सकाळपासून एक खाचर तुम्ही लावून या, मग मी तुम्हालाही इतकेच वाढीन." आम्ही मुले हसलो. ते गृहस्थही हसले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

हा प्रसंग आम्ही विसरूनही गेलो असतो. पुढे शरीरशास्त्राचा इतिहास चाळताना असे आढळले की, पडवी आणि ओटी यांच्यामधला हा प्रश्न १७८९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला होता. मांडणारा माणूस कोणी उपदेशक नव्हता. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून ज्याला जग ओळखते, तो आंत्वान लाव्हाझिए होता.

१७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी एक विलक्षण भांडे तयार केले. त्याला दुहेरी कप्पे होते आणि त्यांत बर्फ भरलेला असे. मध्यभागी त्यांनी एक गिनिपिग ठेवला आणि काही तासांत किती बर्फ वितळतो ते पाण्याच्या वजनावरून मोजले. मग तो प्राणी जेवढा कर्बवायू उच्छ्वासातून सोडतो, तेवढाच कर्बवायू देणारा कोळसा जाळून किती बर्फ वितळतो तेही मोजले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण इतके जवळ आले की निष्कर्ष टाळता येईना : श्वसन म्हणजे ज्वलन होय. मेणबत्ती जळते तसाच प्राणी जळतो. फरक इतकाच की तो सावकाश जळतो आणि ज्योत दिसत नाही.

पुढे हाच प्रयोग माणसावर झाला. लाव्हाझिएचा तरुण सहकारी सेगँ स्वतः तोंडावर मुखवटा चढवून बसला. विश्रांतीत, उपाशीपोटी, जेवणानंतर आणि वजन उचलण्याचे श्रम करताना तो किती प्राणवायू घेतो ह्याची मोजणी झाली. लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने ह्या प्रयोगाचे चित्र काढून ठेवले आहे. त्यात बाजूच्या मेजापाशी नोंदी लिहीत बसलेली ती स्वतःही दिसते. श्रम करणाऱ्या सेगँला विश्रांतीच्या अडीचपटीहून अधिक प्राणवायू लागला, असे त्या नोंदी सांगतात.

रसायनशास्त्रज्ञाचे काम एवढ्यावर संपायला हरकत नव्हती. परंतु निबंध लिहिता लिहिता लाव्हाझिए थबकला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : श्वसन म्हणजे नुसती हवेची देवघेव, असे आपण समजत होतो तोवर श्रीमंत आणि गरीब एकाच पातळीवर होते, कारण हवा सर्वांची आहे आणि तिला मोल पडत नाही. पण आता कळले की श्वासागणिक माणूस स्वतःचेच द्रव्य जाळीत असतो आणि श्रम वाढले की हे जळणेही वाढते. मग ज्याला हातांच्या बळावर जगायचे आहे त्याला अधिक जाळावे लागावे आणि झालेली झीज भरून काढायला त्याच्याजवळच कमी असावे, हे कसे? आणि ज्याला देहाच्या दृष्टीने गरज नाही त्याच्याकडेच विपुलता का? लाव्हाझिए पुढे म्हणतो की ह्याचा दोष निसर्गाला देऊ नये. तो आपल्या सामाजिक संस्थांचा आहे.

हे लिहिणारा माणूस राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या धनाढ्य मक्तेदार मंडळीचा भागीदार होता, हे इथे सांगितलेच पाहिजे. मीठ, तंबाखू आणि पॅरिसमध्ये येणारा माल ह्यांवर ती मंडळी कर वसूल करी. तो चुकवला जाऊ नये म्हणून शहराभोवती जी भिंत उभी राहिली तिच्यामागची कल्पनाही लाव्हाझिएचीच होती. १७९४च्या मे महिन्यात इतर भागीदारांसह त्याचाही शिरच्छेद झाला. ज्याच्या ताटावरचा कर आपण वसूल करतो त्याच्याच झिजेचे माप त्याने काढले, आणि काढल्यावर ते लपवले नाही. ह्या माणसाला ढोंगी म्हणावे की प्रामाणिक, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

एका बाबतीत मात्र लाव्हाझिए चुकला. हे ज्वलन फुफ्फुसांत होत असावे, अशी त्याची समजूत होती. पुढच्या शतकात कळून आले की फुफ्फुस हे नुसते दार आहे. विस्तव पेटलेला असतो तो घरातल्या प्रत्येक खोलीत, म्हणजे देहाच्या प्रत्येक जिवंत पेशीत. आज ज्याला पेशीश्वसन म्हणतात ते हेच. भाताच्या शितातल्या पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते, ते रक्तातून पेशीत जाते आणि तिथे आधी त्याचे दोन तुकडे होतात. ह्या पायरीला प्राणवायू लागत नाही, आणि तिच्यातून हाती येते तेही थोडेच. ते तुकडे मग तंतुकणिकांत जातात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडून दाखवलेल्या चक्रात त्यांतील कर्ब कर्बवायू होऊन सुटतो, आणि हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या रांगेतून हातोहात पुढे दिले जातात, विहिरीपासून आगीपर्यंत माणसांनी घागरी द्याव्यात तसे. रांगेच्या टोकाला प्राणवायू असतो. तो ते इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो एवढ्या एका शेवटच्या कामासाठी. पण टोकाचा माणूस निघून गेला की अख्खी रांग खोळंबते, तसेच इथेही होते.

ह्या उतरणीवर जी शक्ती सुटते तिने तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन साठतात, बांधामागे पाणी तुंबावे तसे. आणि परत येताना ते एक सूक्ष्म चक्र फिरवतात. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा ती सहजासहजी कोणी मान्य केली नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९७८ साली. ते चक्र अलंकारिक अर्थाने नव्हे, तर खरोखरच गरगर फिरते. त्याची घडण आणि कार्य उलगडल्याबद्दल १९९७च्या नोबेल पारितोषिकात पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना वाटा मिळाला. चक्र फिरले की एटीपी नावाचा रेणू तयार होतो आणि देहाचे प्रत्येक काम, खांदा उचलण्यापासून ते ओळ वाचण्यापर्यंत, त्याच्यावर चालते. हा रेणू १९२९ साली प्रथम ज्यांच्या हाती लागला त्यांत आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. बोस्टनला उतरल्यावर पोटासाठी त्यांनी रुग्णालयात हलकी कामे केली होती, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.

एटीपीची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कोणत्याही क्षणी देहात तो मोजक्या ग्रॅमांत असतो. परंतु तो सतत मोडतो आणि पुन्हा घडतो, इतका की दिवसभरात घडलेल्या एटीपीचे वजन माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते. त्याची शिल्लक ठेवता येत नाही. चरबी साठते, यकृतात थोडी साखर साठते, पण खुद्द जगण्याचे चलन असे साठत नाही. काही न करता पडून राहिलेल्या मध्यम बांध्याच्या पुरुषालाही हृदय, मेंदू, यकृत आणि अंगातली ऊब चालू ठेवण्यासाठी दिवसाला सुमारे तेराशे ते पंधराशे कॅलरी लागतात. श्रमांचा हिशेब ह्याच्या वरचा आहे. आणि श्रमांतही स्नायू जेवढे इंधन जाळतात त्याच्या चौथ्या हिश्श्याचेच काम होते. बाकीचे तीन हिस्से उष्णता होऊन घामावाटे निघून जातात. खोदलेली माती मापून मजुरी देणारा मुकादम त्या एका हिश्श्याचेच माप घेत असतो. ह्यात त्याची लबाडी असेलच असे नाही; उरलेले तीन हिस्से टेपेने मोजता येत नाहीत एवढेच.

हे माप जेव्हा सरकारने हाती घेतले तेव्हा काय झाले, त्याची एक नोंद आमच्याच मुलखात आहे. १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांना हिंदुस्थान सरकारने १८७७च्या आरंभी खास पाहणीसाठी पाठवले. ह्याच गृहस्थांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसे वाचवली होती आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका सोसला होता. ह्या खेपेस तो ठपका यायला नको होता. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा पुरे, असे त्यांनी ठरवले. एक पौंड धान्य म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे सोळाशे कॅलरी. निजून राहिलेल्या माणसाला जेवढे लागते त्याहून जेमतेम अधिक. आणि इथे तर त्याने दिवसभर खडी फोडायची होती, माती वाहायची होती. अर्ध्या आण्याचेही धान्यच घेतले तरी हिशेब जुळत नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली जड कामाच्या पुरुषासाठी जो आकडा दिला तो साडेतीन हजारांच्या जवळ जातो. त्या काळच्या माणसाचा बांधा लहान होता असे धरले, तरी तफावत मोठीच राहते.

मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ह्या मजुरीवर कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे लेखी निवेदने केली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी सरकारी अधिकारी असूनही ह्या मापाला जाहीर विरोध केला आणि काही महिन्यांतच मद्रास सरकारला ते वाढवावे लागले. तोवर फार उशीर झाला होता.

मिळाले त्याहून जास्त जाळले, तर ती तूट कोठून भरून निघते? पेशीला भाताचे शीत आणि स्वतःचे मांस ह्यांत भेद करता येत नाही. बाहेरून इंधन आले नाही तर यकृतातली साखर दिवसभरात संपते, मग चरबी जाते, आणि तिच्याबरोबरच स्नायूंची प्रथिने मोडून त्याच भट्टीत घातली जाऊ लागतात. एक पौंडावर खडी फोडणारा माणूस उरलेली खडी स्वतःच्या दंडांवर फोडत होता. आणि ते दंड सरकारच्या हिशेबात कुठेच मांडलेले नव्हते.

अशा आहारावर माणसाचे काय होते ह्याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी केला. युद्धात शस्त्र घ्यायला सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे सोळाशे कॅलरींचे अन्न मिळाले. वाचकांच्या लक्षात येईल की हा जवळजवळ टेंपलचाच पौंड आहे. त्यांना खडी फोडायची नव्हती, आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचे होते. त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले. पण त्याहून मोलाची नोंद पुढची आहे : विश्रांतीत होणारे ज्वलन सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावले. नाडी सावकाश पडू लागली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, आणि ती उमदी मुले चिडखोर, उदास, कशातच रस नसलेली अशी झाली. त्यांच्या बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नच येई. बाहेरच्या माणसाने त्यांना पाहिले असते तर आळशी म्हटले असते. दुष्काळी कामावरच्या मजुरांविषयी ते मन लावून काम करीत नाहीत अशी जी तक्रार कागदोपत्री वारंवार दिसते, ती ह्यानंतर आम्हाला निराळीच दिसू लागली. तो आळस नव्हता. विझू नये म्हणून भट्टीने स्वतःची आंच कमी केली होती.

इथेच एक आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. देह आंच कमी करू शकतो, तर गरजेचा आकडा पक्का कसा मानावा? १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दरडोई दिवसाला २२५० कॅलरींचे अन्न ज्यांना परवडत नाही ते दरिद्री, ही त्यांची कसोटी होती. पुढे ह्या तऱ्हेच्या कसोटीला आव्हान दिले तेही एका मराठी माणसानेच : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे काम केलेले, सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे. त्यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची गरज रोज एकच नसते. देह काही मर्यादेत आपला खर्च आपणच आवरतो. म्हणून सरासरीखाली येणारा प्रत्येक जण उपाशी असे धरणे ही अतिशयोक्ती होईल. दांडेकरांनी त्याचा जोरदार प्रतिवाद केला. दोघेही संख्याशास्त्राचे गाढे जाणकार होते. सुखात्म्यांना गरिबांची कणव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अन्नाइतकेच स्वच्छ पाणी आणि आरोग्य महत्त्वाचे आहे, कारण जंतुसंसर्गाने खाल्लेले अंगी लागत नाही, हे त्यांनी कळकळीने सांगितले, आणि ते खरेच आहे.

तरीही आम्हाला वाटते की, ह्या वादात एक शब्द सावधपणे वापरायला हवा होता, तो म्हणजे 'जुळवून घेणे'. देह जुळवून घेतो हे निर्विवाद. पण कोणत्या गोष्टी बाजूला टाकून तो जुळवून घेतो, हे मिनेसोटाच्या तरुणांनी दाखवून दिले आहे : अंगातली ऊब, हृदयाची गती, खेळण्याची, भांडण्याची, प्रेम करण्याची उमेद. ज्याच्यासमोर ताट आहे आणि जो हात आवरतो त्याच्या वागण्याला काटकसर म्हणावे. ज्याच्यासमोर ताटच नाही त्याच्या पेशींनी केलेल्या कपातीला आम्ही तो शब्द लावणार नाही. तिचे कौतुक तर मुळीच करणार नाही.

उपवास आणि उपासमार ह्यांत हाच भेद आहे, आणि जुन्या धर्मशास्त्र्यांना तो कॅलरी ठाऊक नसतानाही दिसला होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उपवासाचे बंधन कोणाला लागू आहे ह्याची चर्चा करताना, काम कमी करणे ज्याला शक्यच नाही अशा कष्टकऱ्याला, आणि एका वेळी पोटभर मिळण्याची ज्याला शाश्वती नाही अशा भिक्षेकऱ्याला त्यातून मोकळे ठेवले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१च्या परिपत्रकात मजुरीबद्दल लिहिताना आणखी पुढचे पाऊल टाकले : गरजेपोटी किंवा याहून वाईट पाळी येईल ह्या भीतीपोटी मजुराने कमी मजुरी पत्करली, तर ती संमती नव्हे, तो त्याच्यावर झालेला बलात्कारच होय, असा त्यांचा अभिप्राय. टेंपलच्या कामांवर येणारे लोकही आपल्या पायांनीच चालत आले होते.

एवढे लिहून झाल्यावर आमच्याच मनात एक शंका उरते. सगळा युक्तिवाद आम्ही जळणाच्या हिशेबावर उभा केला. पण मजुराला त्याने जाळले तेवढे परत दिले की देणे फिटले, असे जर कोणी ह्यावरून ठरवले तर? तेव्हा आम्ही टेंपलच्याच रांगेत जाऊन बसू, फक्त आमचा पौंड थोडा मोठा असेल. भट्टीला कोळसा पुरेसा घातला की भट्टीचे आपल्यावर काही देणे उरत नाही. माणसाच्या बाबतीत कॅलरीचा आकडा इतकेच सांगतो की, ह्याच्या खाली गेलात तर पुढे बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. वर किती द्यायचे, ह्याबद्दल तो मुका आहे. हा मुकेपणा आकड्याचा दोष नाही; आपण त्याला नको ते विचारतो. शिवाय भट्टी आणि माणूस ह्यांत आणखी एक फरक आहे, आणि कोणत्याही पाहणीत तो नीटसा टिपता येत नाही : कोणतीही भट्टी आपल्या वाट्याचे इंधन दुसरीला देत नाही.

पडवीतल्या त्या पंगतीत बायकाही असत. पुरुषांइतकाच वेळ वाकून त्यांनी आवण लावलेले असे, आणि पुरुषांइतकाच भात त्यांना वाढलेला असे. पण त्यांतल्या काहीजणी अर्ध्यावर हात थांबवत. उरलेला भात त्या पानात गुंडाळून फडक्यात बांधत आणि फडके मांडीआड सरकवत, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने. घरी मुले असत. त्यांच्या आहाराविषयी ओटीवरून कधी काही शेरा आला नाही. बहुधा त्या कमी खातात असेच तिथून दिसत असावे. आजी वाढत वाढत त्यांच्यापाशी येई तेव्हा पानाकडे बघत नसे, मांडीकडेही बघत नसे. परातीतून आणखी एक वाढणी घालून ती पुढे जाई.